बाई, पोरीला खेळू द्यावं का?

ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर गेले, की दहा-पंधरा मिनिटं गप्पा होणार हे ठरलेलंच. आमच्या गिरणीवाल्या वहिनी पट्टा चालू असतानाही बोलतात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी माझं दळण झाल्यावर गिरणी बंद केली, हातावरचं पीठ पदराला पुसलं नि हळू आवाजात म्हणाल्या,

"बाई, एक इचारू का? आमच्या पोरीला कॉलेजच्या टीममध्ये घेतलंय. ते वर चेंडू टाकायचा खेळ असतोय बघा, त्याच्यात. नांदेडला मॅच हाय म्हनं. दोन रात्री मुक्काम. तिचे बाबा म्हनतेत, बारावीपर्यंत खेळली ते बस झालं. आता बी.ए. करू द्या अन् स्थळं बघू. तुम्ही तिला दोन वर्षं शिकवलंय. तुम्हीच सांगा, पोरीला खेळू द्यावं का?"

खरं म्हणजे 'हो' म्हणायला मला एक क्षणही लागायला नको होता. पण मी म्हणाले, "उद्या सांगते, वहिनी." आणि डबा उचलून घरी आले.

भाकरी थापताना मन थाऱ्यावर नव्हतं. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी तो आमच्याच घरात, माझ्याविषयी, विचारला गेला होता. मीही कॉलेजात बास्केटबॉल खेळत होते. फार मोठी खेळाडू नव्हते हं, पण चेंडू हातात आला की पाय आपोआप पळायचे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी बाहेरगावच्या सामन्यांसाठी नाव लागलं आणि घरात एकच वाक्य झालं, "रात्रीचा मुक्काम असेल तर नको." कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मी बूट पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. पुढल्या वर्षी लग्न झालं. संसार चांगला झाला, त्याविषयी तक्रार नाही. पण तेव्हा कुणीतरी घरच्यांना चार गोष्टी समजावून सांगायला हव्या होत्या, असं मात्र अजून वाटतं. त्या चार गोष्टी आता मला माहीत आहेत. वहिनींना सांगितल्या, त्याच इथे सांगते. कारण मैत्रिणींनो, हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही उंबऱ्यावर येणार आहे.

टोपलीतला खेळ

हा खेळ मुळात कुणा राजामहाराजाच्या दरबारात जन्मलेला नाही. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी जेम्स नायस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. बाहेर बर्फ, पोरं आत कंटाळलेली. १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि पोरांना सांगितलं, चेंडू यात टाका. तो सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून टोपलीही दहा फुटांवर आली आणि आजतागायत तिथेच आहे! गंमत म्हणजे टोपलीला बूड तसंच होतं. चेंडू पडला, की शिडी लावून काढायचा. आपण माळ्यावरून लोणच्याची बरणी काढतो ना, तसा.

जवळच मुलींचं स्मिथ कॉलेज होतं. तिथे सेंडा बेरेन्सन नावाच्या तरुण बाई व्यायाम शिकवायला आल्या होत्या. त्या स्वतः लहानपणापासून अशक्त, सदा आजारी. व्यायामानं प्रकृती सुधारली, म्हणून त्याच विषयाच्या शिक्षिका झालेल्या. या खेळाविषयी त्यांनी वाचलं आणि मुलींना तो शिकवायचं ठरवलं. १८९३ च्या मार्च महिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लागला. मुली खेळणार म्हणून पुरुषांना आत येऊ दिलं नाही. चेंडू उडवताना बाईंचाच हात एका मुलीला लागला आणि तिचा खांदा निखळला. बघा, सुरुवातच अशी! पण सामना थांबला नाही. तिच्या जागी दुसरी उभी राहिली आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी ५-४ असा सामना जिंकला.

तो काळ आपल्या डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगते. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली. म्हणजे हा सामना त्यानंतर सातच वर्षांनी झाला. आणखी तीन वर्षांनी, १८९६ साली, कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांच्या मुली एकमेकींशी खेळल्या. प्रेक्षक फक्त बायका, पुरुषांना दार बंद. गुण किती झाले असतील? २-१! आपल्याला हसू येतं. पण त्या मुलींच्या आयांनी त्यांना पाठवताना केवढा विचार केला असेल, ते आपल्यालाच कळेल.

म्हणजे वहिनी म्हणतात तो "पोरांचा खेळ" पोरांच्या हाती आल्यावर सव्वा वर्षात पोरींच्या हाती आला होता.

मैदानावरच्या रेघा

पण मुलींच्या हाती चेंडू देताना एक मेख मारली होती. बायकांना इतकं पळणं झेपायचं नाही, त्या दमून आजारी पडतील, या समजुतीनं मैदानाचे तीन भाग आखले गेले. ज्या मुलीला ज्या भागात उभं केलं, तिनं ती रेघ ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही, कारण ते बायकांना शोभत नाही. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही. पुढे तीन भागांचे दोन झाले, पण रेघ राहिलीच. अमेरिकेतल्या कॉलेजांतून ती पुसली गेली १९७१ साली. आयोवा नावाच्या शेतीप्रधान राज्यात तर शाळकरी मुली १९९३ पर्यंत अर्ध्याच मैदानावर खेळत होत्या. एका बाजूला तिघी फक्त गोल करणाऱ्या, दुसऱ्या बाजूला तिघी फक्त अडवणाऱ्या.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगी म्हणून कुणाला कशातून वगळायचं नाही, असा. त्यात खेळही आले. त्याआधी तिथल्या शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. पुढे त्या तीस लाखांच्या वर गेल्या. मुली त्याच होत्या, दार तेवढं उघडलं.

१९७२ म्हटलं, की आपल्या मराठवाड्याला मात्र दुसरंच काही आठवतं. तो दुष्काळ! माझी सासू अजून सांगते. त्या साली घराघरातल्या बायका दुष्काळी कामावर गेल्या. उन्हात खडी फोडली, डोक्यावर मातीची घमेली वाहिली, पोटुशा बायकाही गेल्या. त्या वेळी कुणी मैदानावर रेघ आखून म्हटलं नाही, की बायकांना इतकं झेपायचं नाही! आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचं जातंही असंच. बाईच्या अंगातलं बळ आपल्याकडे कधी कमी पडलं नाही. ते बळ कामाला लावलं तर चालतं, खेळाला लावलं तर मात्र "पोरगी दमेल" असं होतं. यातली खोच मी वहिनींना सांगितली तेव्हा त्या गिरणीच्या तोंडाशी पन्नास किलोचं पोतं एकटीनं सरकवत होत्या. त्यांनी पोतं तिथेच ठेवलं आणि खो खो हसल्या.

आयोवाची मुलगी

याच आयोवात २००२ साली एक मुलगी जन्मली. म्हणजे तिथल्या मैदानावरची रेघ पुसल्यावर नऊ वर्षांनी. कॅटलिन क्लार्क तिचं नाव. दोन भावांमधली एकटी बहीण. लहानपणी तिच्या वयाच्या मुलींचा संघ मिळेना, म्हणून वडिलांनी तिला मुलांच्याच संघात घातलं. मुलांबरोबर खेळून ती तयार झाली आणि २०२० साली आपल्याच राज्याच्या विद्यापीठात दाखल झाली. दूरच्या मोठ्या नावाच्या विद्यापीठात न जाता घराजवळ राहिली, हे मला विशेष वाटतं.

विद्यापीठाच्या चार वर्षांत तिनं ३,९५१ गुण केले. तिथल्या विद्यापीठांच्या सर्वोच्च गटात इतके गुण आजवर कुणी केले नव्हते. बायकांनीच नव्हे, पुरुषांनीही नाही. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं तिचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला, हेही सांगायला हवं. २०२४ चा तो अंतिम सामना तिथे सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी घरबसल्या पाहिला. त्याच साली पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते १ कोटी ४८ लाख. ज्या खेळाला एके काळी पुरुषांना दार बंद होतं, तो पाहायला आता पुरुषही ठाण मांडून बसले!

तरी सगळं गोडच आहे असं समजू नका. ती व्यावसायिक संघात पहिल्या क्रमांकानं निवडली गेली, तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता सुमारे ७६ हजार डॉलर. त्याच साली पुरुषांत पहिल्या क्रमांकानं निवडल्या गेलेल्या मुलाला एक कोटी डॉलरहून जास्त. जाहिरातींतून तिला पुष्कळ मिळतं, ती गोष्ट वेगळी. पण पगारातली ही रेघ अजून पुसायची आहे.

आपल्या मातीतल्या मुली

वहिनींनी हे सगळं ऐकलं आणि बरोबर नेम धरून विचारलं, "ते झालं अमेरिकेचं. आपल्याकडलं काय, बाई?"

आपल्याकडलं सांगते. बास्केटबॉलमध्ये आपल्या महाराष्ट्राची शिरीन लिमये आहे, पुण्याची. आई कबड्डीच्या मैदानावरची, वडील बास्केटबॉलचे. घरातच खेळ असल्यामुळे 'खेळू द्यावं का' हा प्रश्नच त्या घरात पडला नसावा. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली. दोन गुणांनी! शिरीन त्या संघात होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. 'आईनं पदर खोचून खेळ केला असेल तर मुलीला वाट सापायला वेळ लागत नाही,' एवढंच मी त्यातून घेते.

पण सगळ्यांच्या घरी असं कुठून असणार? म्हणून दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यातली, धाराशिवची. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. सारिका काळे ही खो-खोची खेळाडू. वडिलांना शारीरिक अडचण, त्यामुळे कमाई फारशी नाही. आई शिवणकाम आणि घरकाम करून चालवायची. शाळकरी वयात सारिकाच्या पायांना मैदान सापडलं. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकच वेळचं पोटभर जेवण मिळत होतं, असं तिनं स्वतःच पुढे सांगितलं. धावायला लागतं किती, आणि ताटात किती! २०१६ साली घरच्या पैशाच्या विवंचनेनं ती इतकी खचली, की खेळ सोडायचं तिनं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं आणि ती पुन्हा मैदानावर आली. त्याच साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार होती सारिका. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरीत होती.

मैत्रिणींनो, या गोष्टीतलं सुवर्णपदक क्षणभर बाजूला ठेवा. तिनं खेळ सोडायचं ठरवलं तो दिवस पाहा. अशा दिवशी मुलीजवळ कोण असतं, यावर पुढचं सगळं ठरतं. अशा कितीतरी मुली असतील, की ज्यांच्याजवळ त्या दिवशी कुणीच नव्हतं. त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं मूळ गाव असलेली प्रियंका इंगळे खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून तो चषक आणला.

आणि खुद्द आपली परभणी? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण हसत म्हणतो खरं, पण आपल्या परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. बेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. नंतरची तीन वर्षं, २०१८, २०१९ आणि २०२०, ती दुसरी आली. २०१९ ची वेळ तर आणखी चांगली, २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंद. मुंबईच्या रस्त्यावर परभणीची मुलगी! वहिनींना हे माहीत नव्हतं. आपल्याच गावच्या मुलींची नावं आपल्याला माहीत नसतात, हे आपलं नेहमीचंच.

आईचे प्रश्न

यानंतर वहिनींनी जे विचारलं, ते प्रत्येक आईच्या मनात असतं. म्हणून एकेक प्रश्न घेऊन सांगते.

"तिला खायला काय देऊ? आम्हाला बदाम परवडत नाहीत." बदाम नकोतच. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, असं सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत आढळलं. मुलगी खेळताना लवकर दमते, तिला धाप लागते, ते पुष्कळदा या कमतरतेमुळे. तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मग घरचंच खाणं नीट द्या. ज्वारीची भाकरी, अंबाडी किंवा तांदुळजाची भाजी, मोड आलेले मूग-मटकी, शेंगदाण्याचा लाडू, चालत असेल तर अंडं. जेवताना लिंबू पिळा, त्यामुळे लोह अंगी लागतं. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, तो लोह अडवतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली आहे. तिच्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त असतं. हे ऐकल्यावर गिरणीवाल्या वहिनींचे डोळेच चमकले!

"ऊन केवढं असतंय!" खरं आहे. परभणीचा वैशाख काही खोटा नव्हे. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच. तहान लागायची वाट न पाहता मधून मधून पाणी प्यायचं. फार घाम गेला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा. मीठ अंदाजानं घालू नका, मोजूनच घाला.

"पाळीच्या दिवसांत?" खेळायला काही हरकत नाही. ज्या दिवशी फार त्रास असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढंच. उलट हलक्या हालचालीनं पुष्कळ जणींना बरं वाटतं. मात्र एरवी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. श्रम जास्त आणि खाणं कमी झालं, की असं होऊ शकतं. खेळ बंद करण्याआधी ताट पाहा.

"पाय मोडला तर? लग्नाची पोरगी." या खेळात उड्या असतात आणि मुलींचे गुडघे मुलांपेक्षा जास्त दुखावतात, हे खरं आहे. त्यावर उपायही आहे. उडीवरून खाली येताना गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, हलकेच उतरायला शिकवतात. मांड्यांचे व्यायाम करून घेतात. क्रीडाशिक्षक हे शिकवतात का, एवढं आपण जाऊन विचारावं. बूट मात्र पायाला नीट बसणारे हवेत. भावाचे जुने बूट कापूस कोंबून देऊ नयेत. आणि अंगाला घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा ही चैन नव्हे, ती खेळाचीच वस्तू आहे. आपण आयांनी ती लाजत लाजत का होईना, पण आणून द्यावी. मुलगी मागणार नाही.

"खर्च?" मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, मुलांच्या सात नंबरच्या चेंडूपेक्षा जरा लहान नि हलका. तो कॉलेजनं द्यायचा असतो. घरी सरावाला हवाच असेल तर चार मैत्रिणींत मिळून एक घ्यावा. उसळवण्याचा सराव अंगणात होतो, भिंतीवर फेकून झेलण्याचाही होतो. शेजारीण कुरकुर करील, तिला एक दिवस चहाला बोलवावं!

"अन् पुढं उपयोग काय?" हा प्रश्न वडिलांचा, वहिनींच्या तोंडून आलेला. तर महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ सालापासून आहे. पण एक लक्षात ठेवा, कुठलंही प्रमाणपत्र त्यात चालत नाही. स्पर्धा कोणत्या पातळीची, क्रमांक कितवा, हे पाहतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून व्हावी लागते. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा. लग्नाच्या शालूइतका जपा. महाविद्यालयांच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात. त्यातून आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव, आणि २०२० पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा अशी शिडी आहे. सगळ्याच मुली वरच्या पायरीवर जाणार नाहीत, हे मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. शंभरांतली एखादी जाते. उरलेल्या नव्व्याण्णव जणींना काय मिळतं? एकटीनं प्रवास करण्याचं धाडस, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहण्याची सवय आणि धडधाकट शरीर. हे तिन्ही सासरीही उपयोगी पडतं, असं मी म्हटलं, तेव्हा गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

"अन् रात्रीचा मुक्काम?" इथे मी जरा थांबले. हाच तो प्रश्न. आईची काळजी खोटी नसते, तिला हसण्यात अर्थ नाही. पण काळजीचं उत्तर 'नको' हे नसतं, 'नीट विचारू' हे असतं. मुली किती, बरोबर शिक्षिका आहे का, उतरायचं कुठे, दाराला आतून कडी आहे का, फोन कुणाचा लागेल, परत गाडी कितीची. हे सगळं विचारण्याचा आईला हक्क आहे आणि कॉलेजनं त्याची उत्तरं द्यायला हवीत. माझ्या वेळी माझ्या घरच्यांनी हे प्रश्न विचारलेच नाहीत. नकार दिला, की प्रश्न विचारावे लागत नाहीत, हे सोयीचं असतं. वहिनींना मी माझी माळ्यावरच्या बुटांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती मी आमच्या ह्यांनाही नीट सांगितली नव्हती.

वहिनी काही बोलल्या नाहीत. गिरणी सुरू केली.

नांदेडची गाडी

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः कॉलेजात जाऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! वरचे सगळे प्रश्न त्यांनी विचारले आणि वर एक आपल्या पदरचा, "पोरींना जेवायला भाकरी मिळंल का निस्ता भात?" बरोबर जाणाऱ्या शिक्षिकेचा नंबर लिहून घेतला. नवऱ्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण ठरल्या दिवशी पोरगी डब्यात दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन नांदेडच्या गाडीत बसली.

पहिलाच सामना त्या हरल्या. चांगल्या मोठ्या फरकानं हरल्या. आमच्या गिरणीवाल्यांच्या मुलीचे गुण किती? दोन. म्हणजे एकदाच चेंडू बरोबर पडला. हरल्यामुळे मुक्काम दोन रात्रींऐवजी एकच झाला.

मला वाटलं, आता वडील म्हणतील, झालं ना समाधान? बसा आता. म्हणालेही असतील. पण परवा संध्याकाळी मी कॉलेजच्या कुंपणाजवळून जात होते, तर वहिनी जाळीला धरून उभ्या. आत सराव चालला होता. पिठानं पांढरे झालेले केस तसेच, पायात गिरणीवरच्या चपला. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "बाई, ते रिंग लईच उंच हाय की!"

"दहा फूट," मी म्हटलं.

"पोरींसाठी जरा खाली नसतंय का करीत?"

"नाही, वहिनी. बाकी सगळं कमी करून पाहिलं लोकांनी, पण ती उंची मात्र मुलींसाठी कुणी कमी केली नाही."

"अन् अमेरिकेत?"

"तिथेही तेवढीच."

वहिनींनी मान वर करून पुन्हा एकदा त्या कडीकडे पाहिलं. तेवढ्यात पोरीनं चेंडू टाकला. तो कडीवर आपटून बाहेर आला. तिनं पळत जाऊन उचलला आणि परत टाकला.

"टाकंल," वहिनी म्हणाल्या. "रोज टाकंल तर पडंल."

घरी येऊन मी माळ्यावरची पिशवी काढली. बुटांचे तळवे उकलले होते, घालण्याजोगे राहिले नव्हते. पण नाड्या चांगल्या होत्या. त्या धुऊन वाळत घातल्या आहेत. उद्या दळणाला जाईन तेव्हा वहिनींकडे देईन म्हणते.